सगळेच पुढे

माणसं अनवाणी फिरत तेव्हाची गोष्ट. एका गुराख्याच्या रक्तात धवळी नावाची पांढरी पेशी राहायची. जंतू गिळणं हा तिचा धंदा. जंतूंचा वास आला की तिच्या पोटातली प्रथिनं रीतीप्रमाणे कामाला लागत. वासाच्या बाजूची पुढे पाय काढत, उरलेली मागे जाऊन शेपूट आवळत. तेवढ्यावर धवळी झरझर सरपटायची.

एकदा गुराख्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. वास आला आणि मागच्या प्रथिनांचा म्होरक्या मागोबा फुरंगटला. "आम्ही काय जन्मभर शेपूटच आवळायचं? आजपासून आमचीही बाजू पुढची." मागच्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या दिशेला पाय काढले.

चहूबाजूंनी पाय फुटलेली धवळी पोळीसारखी जागच्या जागी पसरली.

"अरे, कुणीतरी मागे व्हा रे," ती कळवळली. पण जो तो आपण किती पुढे आलो तेच सांगत होता.

तोवर टाच टम्म सुजली, आणि जंतू वर चढत येऊन धवळीच्या अंगावरच बसले.

मागोबा छाती काढून म्हणाला, "बघितलंस धवळे? मागे न जाताही पोचलो की आपण."