आगाऊराव बोलला

फार वर्षांपूर्वी, जत्रा हीच माणसांची सगळ्यात मोठी मौज होती, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरापायथ्याच्या एका गावात एक बाहुलेवाला राहत असे. त्याच्याजवळ सागवानी लाकडाचा एक बाहुला होता. त्याचे डोळे गरगर फिरायचे, खालचा जबडा खटाखट हलायचा. बाहुलेवाला त्याला मांडीवर घेऊन बसायचा आणि स्वतःचे ओठ जरासुद्धा न हलवता गळ्यातून असा आवाज काढायचा, की लाकडाचं तोंडच बोलतंय असं वाटावं. बाहुल्याचं नाव आगाऊराव. नावासारखाच तो. जिभेला हाड नाही.

एकदा जत्रेत पाटील पुढे बसले होते. आगाऊराव म्हणाला, "देवाला नैवेद्य आणि पाटलांना पंगत, दोघांनाही पहिला मान! फरक एवढाच, की देव ताट तसंच ठेवतो."

लोक पोट धरधरून हसले. पाटीलही हसले, पण ओठांपुरतेच. दुसऱ्या दिवशी त्यांचे गडी आले, आगाऊरावाचा जबडा उपटून त्यांनी धुळीत फेकला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बाहुल्याचा नाही, तुझा."

बाहुलेवाल्याने जबडा पुन्हा बसवला. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात भीती बसली. विनोद थांबले नाहीत, फक्त त्यांची वाट बदलली. आता आगाऊराव लंगड्याच्या चालीची नक्कल करी, बहिऱ्या म्हातारीला भलतेच प्रश्न विचारी, काळ्या नवरीला दिवसा कंदील लावून शोधी. ही माणसं गडी पाठवत नसत. ती मान खाली घालून उठून जात. कुणी रागावलंच, तर बाहुलेवाला हात जोडून म्हणे, "माझ्यावर कशाला चिडता? मी कुठे बोललो? आगाऊराव बोलला!" की पुन्हा हशा. लोक म्हणत, "काय छाती आहे याची! कुणाची भीड म्हणून ठेवत नाही." हे ऐकून बाहुलेवाल्याला बरं वाटे.

त्याच्या बायकोचं नाव द्वारका. ती बोलताना अडखळायची. सगळ्यात जास्त अडखळायची ती स्वतःच्याच नावाशी. लग्नाआधी कितीतरी घरची माणसं तिला बघून गेली होती. नाव विचारायची, तिचं "द्वा… द्वा…" सुरू झालं की एकमेकांकडे बघायची आणि गूळपाणी संपवून उठायची. बाहुलेवाला मात्र उठला नव्हता. तिचं नाव पुरतं बाहेर येईपर्यंत तो शांत बसून राहिला होता. त्याच दिवशी द्वारकेने ठरवलं होतं, की या माणसाशी आपण बोलू शकतो. आणि खरंच, घरात ती भरभरून बोलायची. अडखळत, थांबत, पण भरभरून. आगाऊरावाचे अंगरखे तीच शिवायची आणि शिवताना त्याच्याशीही गप्पा मारायची.

एका जत्रेत खेळ काही केल्या रंगेना. लोक जांभया देऊ लागले, उठू लागले. बाहुलेवाल्याला घाम फुटला. तेवढ्यात आगाऊराव म्हणाला, "अहो, मी नवरी बघायला गेलो होतो!"

"मग? नाव विचारलंस का?" बाहुलेवाल्याने विचारलं.

"विचारलं की! ती म्हणाली, द्वा… द्वा… गूळपाणी आलं, द्वा… द्वा… शेवया आल्या, द्वा… द्वा… शेवया संपल्या! शेवटी मीच म्हटलं, बाई, आता राहू दे. आपल्या पोराच्या बारशाला तुझं आणि त्याचं, दोन्ही नावं एकदमच सांग!"

उठलेली माणसं खाली बसली. असा हशा त्या गावात कधी झाला नव्हता. बायकांच्या घोळक्यात द्वारका बसली होती. शेजारणींनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग त्या हसल्या.

घरी आल्यावर ती म्हणाली, "ते… ते पुन्हा नका करू."

"अगं, तुझं नाव कुठे घेतलं? आणि मी कुठे बोललो, आगाऊराव—"

"बा… बाहुला लाकडाचा आहे," द्वारका म्हणाली. "ग… गळा तुमचा आहे. आणि ती… ती गोष्ट आपल्या दोघांची होती."

बाहुलेवाला ओशाळला. "बरं, नाही करणार," म्हणाला. पण विनोद एव्हाना पसरला होता. डोंगरापलीकडच्या मोठ्या जत्रेचं बोलावणं आलं, तेही "ती नवरीची गोष्ट ऐकवा" अशा निरोपासकट. बाहुलेवाल्याने स्वतःची समजूत घातली, की एवढी एकच जत्रा. लोकांना हसवणं हे तर पुण्याचं काम! नवरा शब्द पाळेल अशा भरवशावर द्वारकाही त्याच्याबरोबर गेली आणि पुढच्याच रांगेत बसली.

खेळ सुरू झाला. थोड्याच वेळात लोक ओरडू लागले, "नवरी! नवरी!" बाहुलेवाल्याने एकदा द्वारकेकडे पाहिलं, एकदा त्या अफाट गर्दीकडे पाहिलं. मग आगाऊरावाने तोंड उघडलं. "मी नवरी बघायला गेलो होतो…"

"द्वा… द्वा…" आता गर्दीच साथ देऊ लागली. म्हातारे, पोरं, सगळे एका सुरात.

द्वारका उठून उभी राहिली. आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती, पण आज ती बोलायला उभी राहिली. तिला एवढंच म्हणायचं होतं, की पुरे.

"पु…" ती म्हणाली. "पु… पु…"

गर्दीला वाटलं, हाही खेळाचाच भाग. सगळे हसायचे थांबून बाहुल्याकडे बघू लागले. आता आगाऊराव काय म्हणतो? त्या क्षणी बाहुलेवाल्याला काहीही करता आलं असतं. बाहुला खाली ठेवता आला असता. तिचा शब्द पुरा होईपर्यंत थांबता आलं असतं. पण उत्तर त्याच्या गळ्याशी येऊन बसलं होतं, आणि ते फार मजेदार होतं. त्याला ते गिळवेना.

"पु… पु… पुरी हवी का, बाई? एवढं अडखळत मागाल, तर तेल थंड होईल!" आगाऊराव बोलला.

मंडप कोसळेल असा हशा झाला. फेटे हवेत उडाले. द्वारकेचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. तिने ते हळूच मिटलं आणि ती खाली बसली.

त्यानंतर ती बोलली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही. भाकरी वेळेवर थापायची, पाणी भरायची, विचारलं तर मानेने हो-नाही सांगायची. बाहुलेवाल्याला आधी वाटलं, राग आहे, उतरेल. राग उतरायची वाट बघता बघता पावसाळा गेला. मग तो घाबरला. तिच्यासमोर बसून, आगाऊरावाला हात न लावता, स्वतःच्या आवाजात म्हणाला, "चुकलो मी. आगाऊराव नाही, मी बोललो. तू नको म्हणाली होतीस, तरी बोललो." द्वारकेने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि त्याच्या ताटात आमटी वाढली. माफ केलं असावं तिने. पण शब्द काही आला नाही.

त्याने बाहुला चुलीत घातला. तरी विनोद जळला नाही. पाणवठ्यावर पोरं द्वारकेच्या मागे "द्वा… द्वा…" करत धावायची. तो त्यांच्यावर ओरडला, तेव्हा त्यांचा आजा म्हणाला, "आता का चिडतोस? पोरांना शिकवलं कुणी?" पुढे एका परक्या गावच्या बाजारात त्याने पाहिलं, की एक तोतरा गवंडी चुना मागतोय आणि चार माणसं त्याला विचारताहेत, "पुरी हवी का, बाई?" ती माणसं बाहुलेवाल्याला ओळखतही नव्हती. तो त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला, तर ती त्यालाही हसली. बाहुलेवाला तिथून परतला, तो थेट आपल्या गावाजवळच्या वीटभट्टीवर गेला आणि तिथेच मजुरीला लागला. पुन्हा कुणाला हसवायला तो उभा राहिला नाही.

वर्षं गेली. दोघांचेही केस पिकले. एके दिवशी दुपारी भट्टी बंद होती म्हणून तो लवकर घरी आला. परसातून आवाज येत होता. तो कुडाच्या अलीकडेच थांबला. द्वारका शेळीच्या पिल्लाला पाला भरवत होती आणि त्याच्याशी बोलत होती. अडखळत, थांबत, भरभरून. "ह… हळू खा गं," म्हणत होती. "ति… तिखट लागतो का हा पाला?"

बाहुलेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "द्वारके!" म्हणून तो धावतच आत शिरला.

तिने वर पाहिलं आणि तोंड मिटलं.

तेव्हा त्याला कळलं. तिचा आवाज गेलाच नव्हता. तो फक्त त्याच्या कानांना मिळणार नव्हता. त्यानंतर कधी लवकर घरी यायची वेळ आली, तर तो परसाकडे जात नसे. कुडाआड उभं राहून ऐकावं, असं त्याला फार वाटे. पण तिचं बोलणं ऐकून त्याने एकदा बाजारात मांडलं होतं. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राही, आणि अंधार पडला की घरी जाई.

मुलांनो, यातून घ्यायचं ते तात्पर्य असं: बलवानाला भिऊन दुबळ्याची थट्टा करणं, याला धाडस म्हणत नाहीत. तोंड कुणाचंही पुढे केलं तरी शब्द आपलेच असतात. आणि दुसऱ्याचं दुःख हसण्यावारी नेल्याची चूक माफ होते, पण त्यामुळे मिटलेलं तोंड आपल्यासाठी पुन्हा उघडेलच असं नाही.