अकंप वैद्याचा पडदा

पूर्वी गोदातीरावरील पोतलीनगरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका शल्यवैद्याच्या कुळात जन्माला आला होता. मोतीबिंदूने झाकोळलेल्या डोळ्यात जवाच्या टोकासारखी बारीक शलाका घालून आतले धुके खाली सारण्याची विद्या त्याला अवगत होती. शेकडो डोळे त्याने उघडले, पण त्याचा हात कधी हलला नाही, अशी त्याची ख्याती होती. त्या ख्यातीमुळेच राजाने त्याला ‘अकंप’ ही पदवी आणि एका गावाचे उत्पन्न दिले होते.

वैद्यशाळेच्या कोपऱ्यात एक जाड पडदा टांगलेला असे. शलाका घेण्यापूर्वी बोधिसत्त्व त्या पडद्यामागे जाई, तेथल्या शेगडीजवळ उभा राही आणि काही वेळाने बाहेर येई. थंड बोटांनी रुग्ण दचकू नये म्हणून आचार्य हात ऊन करतात, असे सर्वांना वाटे. हा समज त्याने कधी दूर केला नाही.

एका वसंतात घाटाच्या पायऱ्या उतरताना तो घसरला आणि त्याचे डावे मनगट मोडले. हाड सांधले, पण बोटे ताठर राहिली. शलाका कानशिलाच्या बाजूने आत जाते. म्हणून समोर बसलेल्या वैद्याला रुग्णाच्या उजव्या डोळ्यासाठी डावा हात वापरावा लागतो. त्याच सुमारास पदुमा नावाची वृद्ध विणकरीण सुनेचा हात धरून वैद्यशाळेत आली. तिचा डावा डोळा पूर्वीच गेला होता. उजव्यातला मोतीबिंदू पिकला होता. जगाशी तिला जोडणारा तेवढाच एक डोळा उरला होता.

बोधिसत्त्वाने हे काम आपला शिष्य उत्तरक याच्याकडे सोपवले. उत्तरक बारा वर्षे शिकत होता. कोहळ्याची साल गराला न दुखावता चिरणे, कमळाचे देठ न फाटता सुईने वेधणे, हे सारे त्याला दोन्ही हातांनी साधले होते. जिवंत डोळ्याला मात्र त्याने अजून शलाका लावली नव्हती.

ठरलेल्या सकाळी अमात्य देवरातही वैद्यशाळेत आला. अकंपाचा शिष्य कसा आहे, हे राजाला कळायला हवे होते. पदुमा उजेडाकडे तोंड करून बसली. सुनेने मागून तिचे डोके दोन्ही हातांनी धरले. उत्तरकाने शलाका उचलली आणि तिचे टोक थरथरू लागले. त्याने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. थरथर वाढलीच.

अमात्य हसला. “वा! अकंपाच्या घरात भूकंप!”

“काय झालं?” पदुमाने विचारले.

“सासूबाई, वैद्यबुवांचा हात कापतोय,” सून घाबरून म्हणाली. “चला, घरी जाऊ.”

उत्तरकाने मान खाली घातली. “आचार्य, बारा वर्षे व्यर्थ गेली. मी या कामाचा नाही. कोहळ्यावर माझा हात कधी असा हलला नाही.”

बोधिसत्त्वाने पडद्याकडे पाहिले. गप्प राहिलो तर पदवी राहील, गाव राहील, हे त्याला दिसत होते. त्याचबरोबर हा शिष्य उठून जाईल आणि ही स्त्री जन्मभर अंधारात बसेल, हेही दिसत होते. तो उठला आणि त्याने पडदा दांडीसकट खाली ओढला. मागे एक शेगडी होती. तीत निखारा नव्हता. राखही जुनी होती.

“ही शेगडी कित्येक वर्षे पेटलेली नाही,” तो म्हणाला. “प्रत्येक डोळ्याआधी माझे हात थरथरत आले आहेत. ते कोणी पाहू नयेत म्हणून थरथर ओसरेपर्यंत मी येथे उभा राहत असे.”

अमात्याचे हसू मावळले. “आचार्य, हे मला महाराजांच्या कानांवर घालावे लागेल.”

“अवश्य घाला. मीच फार उशिरा सांगतो आहे.” मग तो शिष्याकडे वळला. “उत्तरका, तू येथे आलास त्या पहिल्या दिवशी मला काय म्हणाला होतास, आठवते?”

उत्तरक ओशाळला. “म्हणालो होतो, ‘यात काय अवघड आहे? द्या, मी करतो.’”

“त्या दिवशी तुझा हात दगडासारखा स्थिर होता. शलाका केसभर खोल गेली तर काय होते, हे तुला ठाऊकच नव्हते. आज ठाऊक आहे. कोहळ्याचे काही जाणार नव्हते. या माउलीचे सर्व काही जाऊ शकते. तुझी विद्या कोहळ्यापासून माणसापर्यंत येऊन पोहोचली, तीच तुझ्या हातात हलते आहे. करंगळी तिच्या गालावर टेकव आणि श्वास सोड. हात स्थिरावला तर पुढे जा. नाही स्थिरावला तर शलाका खाली ठेव. आपण आणखी एखादा दिवस थांबू. पण डोळा हिचा आहे. आधी हिला विचार.”

उत्तरकाने विचारले, “आजी, तुमची अनुज्ञा आहे का?”

पदुमाने आपल्या गेलेल्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवले. मग म्हणाली, “माझा डावा डोळा ज्यानं घालवला ना, तो जत्रेतला वैद्य हसतहसत आला होता. हात काही कापत नव्हता मेल्याचा! आणि लेकरा, जाडीभरडी पांघरुणं विणताना माझेही हात कधी कापले नाहीत. राजवाड्याच्या पहिल्या वस्त्राचा ताणा लावला, तेव्हा मात्र असे नाचले म्हणतोस! सूनबाई, डोकं घट्ट धर. कर रे बाबा.”

उत्तरकाने करंगळी तिच्या गालावर टेकवली. त्वचेची ऊब बोटाला लागली. थरथर मनगटापाशी आली, बोटांत रेंगाळली आणि ओसरली. शलाका आत गेली. पाण्याचा एक थेंब बाहेर आला, तेव्हा टोक योग्य जागी पोहोचल्याचे त्याला कळले. त्याने धुके हळूहळू खाली सारले आणि शलाका काढून घेतली.

“आजी, काय दिसते?”

पदुमाने पापणी मिचकावली. समोर जमिनीवर पडदा पसरला होता. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“हा कोणी विणला?” ती म्हणाली. “किनार वाकडी आहे.”

सून हसता हसता रडू लागली. उत्तरक भिंतीला टेकून खाली बसला. बोधिसत्त्वाने त्या पडद्याच्या आतल्या मऊ अस्तराची एक पट्टी फाडली, तुपात भिजवली आणि पदुमाच्या डोळ्यावर बांधली. उरलेले कापडही पुढे पट्ट्यांसाठीच लागले. राजाने पदवी परत घेतली, गावही घेतले. वैद्यशाळेच्या दारातली गर्दी मात्र तशीच राहिली. बोधिसत्त्व त्यानंतर सर्वांच्या देखत हात थरथरू देई आणि मग काम सुरू करी.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, सोमदिन्न नावाच्या तरुण भिक्षूला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याला प्रथमच लोकांसमोर धर्म सांगायचा होता आणि कापणारे हात तो अंगावरच्या चीवराखाली लपवून बसला होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, “त्या वेळी ज्याने हसून घेतले तो अमात्य म्हणजे आज तुझी थट्टा करणारा तुझा सोबती. ती विणकरीण म्हणजे उद्या सर्वांत पुढे बसून तुझे बोलणे ऐकणारी वृद्ध उपासिका. उत्तरक तो तूच, आणि पडदा ओढणारा वैद्य तो मी.”

सोमदिन्नाने हात चीवराबाहेर काढले आणि मांडीवर ठेवले. ते अजून थरथरत होते. त्याने ते तसेच राहू दिले.

आपला कंप न लपवता दुसऱ्याचे भय हलके करणे, ही बोधिसत्त्वाची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ण साधना, होय.