चामखिळीचा ठसा

"चित्र हुबेहूब हवं! आणि देखणंही हवं!" राजे प्रचंडराव गरजले आणि राहीच्या बापाची, निंबाजी रंगाऱ्याची, पाचावर धारण बसली.

झालं होतं असं, की एका फिरंगी सौदागराने आपल्या राजाचं लाकडी ठशांनी छापलेलं रंगीत चित्र नजर केलं होतं. मग आमचे राजे कसे मागे राहतील? पंचाईत एवढीच, की राजांचा राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याच्या शेजारी हरभऱ्याएवढी चामखीळ! पहिल्या कारागिराने ती छापली. "माझी टवाळी करतोस?" म्हणून तो हद्दपार. दुसऱ्याने ती गाळली. "हा कुठला राजा?" म्हणून तोही हद्दपार. न्याय कसा अगदी समसमान! निंबाजी चुकला, तर मात्र त्याचा उजवा हातच कलम होणार होता.

"राहे, चामखीळ कोरू की नको गं?" बापाने विचारलं.

"आबा, लुगडं छापायला ठसे किती लागतात?"

"जितके रंग तितके. प्रत्येकाचा वेगळा."

"मग झालं तर! तुम्ही कोरा, दरबारात मी बोलते."

भर दरबारात राहीने कागदावर एकामागून एक पाच ठसे मारले. लाल पागोटं, पिवळे दागिने, हिरवा शेला, गव्हाळ चेहरा, वर काळ्या रेषा. नाक तर असं सरळ, की दरबाऱ्यांनी माना डोलावल्या.

"देखणं आहे!" राजे गुरगुरले. "पण हुबेहूब कुठाय? माझी चामखीळ?"

राहीने पदराची गाठ सोडली. आत बोटभर लाकडाचा ठसा होता.

"हा सहावा ठसा, महाराज. देखणं हवं, तर शेल्यात बांधून ठेवा. हुबेहूब हवं, तर आपल्या हाताने उमटवा. राजाच्या नाकावर काय असावं, हे रंगाऱ्याने ठरवायचं होय?"

दिवाणजी लगबगीने पुढे झाले. "चामखीळ? सरकार, आम्हाला तर कधी दिसलीच नाही!"

"वीस वर्षांत दिसली नाही?" राजांनी ठसा रंगात बुडवला आणि दिवाणजींच्याच नाकावर दाबला. "आता दिसेल!"

राजे पोट धरधरून हसले. दोन्ही कारागिरांना परत बोलावणं गेलं, राहीला पैठणी मिळाली आणि निंबाजीच्या उजव्या हातात सोन्याचं कडं चढलं. रंग निंबाजीचा, म्हणजे पक्का! दिवाणजी पंधरा दिवस नाक घासत होते.