बोकड हसलाच पाहिजे!

"बोकड हसलाच पाहिजे! उद्या, भर दरबारात, माझा विनोद ऐकून!" कातळगडचे राजे शार्दूलसेन गरजले. "नाही हसला, तर तुझ्या सगळ्या शेळ्या मुदपाकखान्यात!"

समोर शेळ्या राखणारी गोजराबाई उभी होती. शेळ्यांवर तर तिचं पोट होतं.

झालं होतं असं. तिचा बोकड सुभेदार सकाळी वाड्याच्या भिंतीला पाय लावून मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि राणीसाहेबांचा जाईचा वेल शेंड्यापासून खाली खात आला. शिपायांनी बोकडाच्या मालकिणीला धरून दरबारात आणलं. महाराजांनी आधी तिला दम भरला, मग लहर आली म्हणून एक विनोद सांगितला.

"एका माणसानं म्हैस विकत घेतली. का? कारण फुकट कोणी देत नव्हतं!"

दरबार लोळला. खरं तर 'का?' म्हणायच्या आधीच लोळला होता. गोजराबाई मात्र खांबासारखी उभी.

"तू का नाही हसलीस?"

"म्हाराज, माझं टकुरं जाड. विनोद आत शिरायला लई येळ लागतो. नवरा लग्नात काहीतरी बोलला, त्याचं हसू मला पोरगं झाल्यावर आलं!"

"म्हणजे तुझ्यापेक्षा तुझ्या बोकडाला जास्त कळत असेल!"

"व्हय की म्हाराज. गावात समदी तसंच म्हणत्यात!"

आणि महाराजांनी तो शब्द तिथेच पकडला.

घरी येताना गोजराबाई स्वतःलाच शिव्या घालत होती. "घे गोजरे! शेळ्यांमागं फिरून फिरून तुलाबी जिथं तिथं तोंड घालायची खोड लागली! शेळी पाला तरी खाते, तू तर आपलंच घर खाल्लंस!"

गोठ्यात करडं तिच्या पाठीवर चढून उड्या मारू लागली. त्यांच्याकडे बघून तिचे डोळे भरून आले. पलीकडे चांदी नावाची शेळी सकाळपासून शेपूट हलवत ओरडत होती. ती माजावर आली होती. सुभेदार नाक पुढे काढून तिच्या मागे मागे फिरत होता. चांदी जिथे थांबली, तिथली ओली माती त्यानं हुंगली आणि मान वर केली.

गोजराबाईनं कपाळावर हात मारला. "रोज डोळ्यांम्होरं दिसतंय, आन मी रडत बसलीय! बोकड शाना म्हणत्यात ते काय उगं न्हाई!"

तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला आणि तीही चांदीच्या मागे मागे फिरू लागली.

दुसऱ्या दिवशी सुभेदार दरबारात शिरला आणि मानकऱ्यांचे शेले नाकाला गेले.

"हा कसला दर्प?" प्रधान त्र्यंबकपंत ओरडले.

"दरबारात यायचं म्हणून दाढीला अत्तर लावलंय त्यानं. माजातला बोकड स्वतःचं अत्तर स्वतःच काढतो. कुठनं, ते इचारू नका!"

महाराजांनी घसा खाकरला. म्हशीचा विनोद पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगितला. सुभेदार शांतपणे रवंथ करत राहिला.

"जरा थांबा म्हाराज, नाक पुसते त्याचं. दरबारात शेंबडं नाक बरं दिसत न्हाई." गोजराबाईनं कमरेचं फडकं काढून सुभेदाराच्या नाकावरून फिरवलं.

रवंथ थांबला. सुभेदारानं मान उंच ताणली, डोळे अर्धे मिटले, वरचा ओठ थेट नाकपुड्यांपर्यंत गुंडाळला आणि तसाच उभा राहिला.

"हसला! बोकड हसला!"

"पण दात कुठे दिसले?" एका म्हाताऱ्या सरदारानं शंका काढली.

"शेळ्यांस्नी वरचे पुढचे दात नसत्यातच, सरदार. हसू हिरडीवरच भागवाया लागतं. माझंबी आता तसंच चाललंय!" गोजराबाईनं स्वतःचं बोळकं दाखवलं.

महाराज हरखून गेले. त्यांनी लगेच दुसरा विनोद सांगितला. सुभेदारानं पुन्हा रवंथ सुरू केला. तिसरा सांगितला. सुभेदारानं लेंड्या टाकल्या.

"महाराज, गोम त्या फडक्यात आहे!" त्र्यंबकपंतांनी झडप घालून फडकं ओढलं, नाकाशी धरलं आणि चांगला छाती भरून वास घेतला.

झालं! पंतांची मान वर गेली. डोळे बारीक झाले. वरचा ओठ गुंडाळून मिशांत शिरला.

"बघा म्हाराज! परधानजीबी हसले!"

त्या दरबारात त्या दिवशी पहिल्यांदा खरं हसू फुटलं. भालदार भिंतीला टेकला. चोपदाराची काठी हातातून सुटली. महाराज स्वतः पोट धरून वाकले, आणि मग एकदम थबकले.

"काय आहे त्या फडक्यात?"

"माजावर आलेल्या शेळीचं मूत, म्हाराज. हुंगलं की बोकड असंच तोंड करतो."

"म्हणजे तो माझ्या विनोदाला नाही... मुताला हसला?"

गोजराबाईनं हात जोडले.

"म्हाराज, बोकड हसला पाहिजे एवढाच हुकूम व्हता, त्यो हसला. कशाला हसला, हे त्यालाच का इचारता? ही समदी मंडळी इतकी वरसं हसत्यात, त्यांस्नी कधी इचारलंत? त्यो शेळीच्या वासाला हसला, ही तुमच्या मोहरांच्या वासाला हसत्यात!"

महाराजांनी मानकऱ्यांकडे पाहिलं. मानकऱ्यांनी गालिच्याकडे पाहिलं. एकजण सवयीनं हसायला गेला आणि अर्ध्यात आवंढा गिळून बसला.

ते पाहून महाराजांना असं हसू आलं की मुकुट कानावर आला!

"अरे, मला वाटायचं मी केवढा विनोदी! आणि माझी म्हैस इतकी वर्षं फुकटसुद्धा कोणी घेत नव्हतं! या सगळ्यांत सुभेदारच प्रामाणिक. त्याला निदान तो वास मनापासून आवडला!" डोळे पुसत महाराज म्हणाले, "गोजराबाई, तुझ्या सगळ्या शेळ्या सोडल्या. आजपासून गडाची पूर्वेची सगळी उतरण त्यांना चरायला दिली. आणि हे सोन्याचं कडं तुला!"

"आणि आमचं काय, महाराज?" त्र्यंबकपंतांनी तसाच वर गुंडाळलेला ओठ सावरत विचारलं.

"अरे, कोण आहे तिकडे!" महाराज पुन्हा हसत सुटले. "पंतांना नाक धुवायला घागरभर पाणी आणा!"