खांद्यावरची लेक

फार पूर्वी, जत्राजत्रांतून दोरीवरचे खेळ करत हिंडणारा एक डोंबारी होता. पाच माणसं खांद्यांवर घेऊन तो हसत उभा राही. त्याची लेक उंच दोरीवरून चाले. एका जत्रेत दोरीची मेख उखडली आणि पोर खाली पडली. पायाचं हाड मोडलं. मेख बापानेच ठोकली होती. ते त्याच्या मनाला फार लागलं.

त्या गावात हाडं बसवणारी एक म्हातारी होती. तिने लाकडी पट्ट्या बांधल्या. हाड जुळल्यावर पट्ट्या सोडताना तिने बजावलं, "आता हिला रोज चालव."

पण पहिल्याच पावलाला पोर कळवळली, आणि बापाने तिला झटकन खांद्यावर घेतलं. पाच माणसं पेलणाऱ्याला एका पोरीचं काय ओझं! नदीवर, बाजारात, ती खांद्यावरूनच जाई. लोक म्हणत, बाप असावा तर असा. त्यालाही ते खरं वाटे.

फिरत फिरत तो पुन्हा म्हातारीच्या गावी आला. तोवर पोरीचा पाय काडीसारखा झाला होता, गुडघा धड वाकत नव्हता.

"हाड मी जोडलं, पाय तू घालवतोयस," म्हातारी कडाडली. "तुझे खांदे काय हिच्या जन्माला पुरणार आहेत?"

"तिला दुखतं हो, आजी. मला बघवत नाही."

"थोडं दुखेलच. ताण बसला तर चालू दे, कळ आली तर थांबव. पण रोज चालव."

डोंबाऱ्याने दोरी जमिनीवर अंथरली आणि लेकीला दोरीच्या टोकाशी उतरवलं. हात मोकळे राहिले तर आपण तिला उचलणार, हे तो जाणून होता. म्हणून त्याने खेळातला ढोल गळ्यात अडकवला आणि संथ वाजवायला घेतला.

"बा, उचल ना रे!" पोर रडू लागली.

त्याच्याही डोळ्यांना धार लागली, पण हात ढोलावरच राहिले. त्या संथ ठेक्यावर पोरीने एक पाऊल टाकलं. मग आणखी एक.

रोज हेच चाले. एखाद्या दिवशी दोघंही रडून थांबत. हळूहळू गुडघा वाकू लागला, पायात बळ आलं.

पुढे तीच जत्रा पुन्हा भरली. बापाने मेख पुन्हा पुन्हा हलवून पाहिली. लेक दोरीकडे निघाली, तसा तो सवयीने खाली बसला आणि त्याने खांदा पुढे केला.

तिने त्या खांद्यावर नुसता हात ठेवला.

"बा, तू ढोल वाजव," ती म्हणाली आणि आपल्या पायांनी वर चढली.

तात्पर्य: मोडलेलं हाड विश्रांतीने जुळतं, पण पाय चालूनच बरा होतो, आणि आपल्या माणसाला दुखत असताना चालू द्यायला मायाच लागते.