उंबरा नसलेलं चर्च

या पाव्हणं, आत या. पाय उचलू नका, अडखळायला इथं काय नाही. खडाळवाडीच्या चर्चला उंबराच नाही. दाराखाली बुजवलेला खड्डा दिसतोय ना? त्याचीच गोष्ट हाय. आधी टोप्या काढा. हां, चेष्टा केली, असू द्या.

लई मागं म्हणे इथं आप्पाजी नावाचा उपदेशक होता. वरच्या आळीतला. गावात बायबल एकच, त्याच्या हातानं उतरवलेलं. तो वाचील तो देवाचा शब्द. "वेशीबाहेरच्यांनी उंबऱ्याबाहेर बसावं, असं लिहिलंय," असं हा बाबा वाचायचा. अन् वेशीबाहेरच्या वस्तीतली आमची माणसं उन्हात बसायची. मेंढरं नुसती!

मग छापखान्यातनं बैलगाडी भरून पुस्तकं आली. घरोघर एक. वस्तीतली सलोमी मिशनच्या शाळेत अक्षरं शिकलेली. तिनं पावसाळाभर सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळं पुस्तक सरलं, पण उंबऱ्याचं कुठं येईना.

त्याच साली सलोमीचा बाप हरबा वारला. या भिंतींचा दगड न् दगड त्यानं डोक्यावर वाहिलेला. त्याची शवपेटी दाराशी आणली, तर आप्पाजी आडवा.

"बाहेरच ठेवा. लिहिलंय तसं."

सलोमीनं पुस्तक पुढं धरलं. "पान सांगा."

आप्पाजीनं पानं उलटली, पालटली. "छापणाऱ्यानं गाळलं असंल."

"गाडीभर पुस्तकांत नाही, अन् तुमच्या एकट्याच्या दौतीतच बरा देव सापडला, आप्पाजी!"

कबर खणून आलेले गडी मागंच उभे होते, हातात कुदळी. पहिली कुदळ उंबऱ्यावर पडली, अन् मग थांबली नाही. इतक्या वर्षांचं ऊन त्या घावांत होतं. उंबरा मुळासकट उपटला अन् हरबा आत गेला.

विलायतेलाबी असंच झालं, असं सांगतात. पुस्तक छापलं, ज्याच्या त्याच्या हातात पडलं, अन् बड्या बड्या पाद्र्यांच्या गाद्या हालल्या. आमचा पंथ निघाला तो त्या रागातनं.

तो उंबरा हरबाच्या कबरीच्या उशाला हाय, जाताना बघा. अन् आजही पाद्री बोलताना "लिहिलंय" म्हणला की सगळं चर्च ओरडतं, "पान सांगा!" पाद्रीच्या शेजारी ती पहिली कुदळ टेकवलेली असती. मागं एका नव्या पाद्रीबुवांनी इचारलं, "ही इथं कशाला?"

म्हणलं, "साहेब, पान सापडलं नाही तर लागती."