सांडशीनं घेतलेला अंदाज

भांडी बोलत असत तेव्हाची ही गोष्ट. माणसं स्वयंपाकघरातून गेली की ती जरा जास्तच बोलत. एकदा काठ उडालेल्या लोणच्याच्या बरणीला फळीवर राहू द्यायचं की माळ्यावर धाडायचं, यावर सगळ्यांचा कौल घ्यायचं ठरलं. माळ्यावर गेलेलं भांडं परत खाली आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

बरणीची जागा सांडशीला हवी होती. कौलाआधी अंदाज घ्यायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. चुलीवरचं भांडं उतरवायला त्याचा काठ धरला की ती विचारी, "मला तर बाई माळाच बरा वाटतो. तुझं काय?"

"माळाच," प्रत्येक भांडं म्हणे.

"बारापैकी बारा," सांडशीनं बरणीला कळवलं. "मनाला लावून घेऊ नका हं, मावशी."

बरणीनं तोंडावरचं फडकं घट्ट आवळून घेतलं.

दुपारी चूल विझली. एकेकानं झाकलेल्या मडक्यात दाणा टाकला. बरणी राहावी असं वाटलं तर तांदूळ, जावी असं वाटलं तर मूग. मडकं उपडं केलं तेव्हा सगळा तांदूळच निघाला. मूग एकच होता, आणि तो सांडशीनं लगेच ओळखला.

"माझ्या तोंडावर तर सगळे माळा म्हणालात."

रुखवतातून आलेली छोटी पातेली अजून कुणाशी फारसं बोलत नसे. ती हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्या पकडीत होते. आणि खाली चूल पेटलेली होती."

बरणीनं फडक्याची गाठ सैल केली.